फेव्हरिटच्या आकड्यावर किती विसंबायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिएटलजवळ बॉथेलला नुकतंच बिऱ्हाड हलवलंय, मुलगी सात वर्षांची, जिओकॅशिंगचं (लोकांनी लपवलेले डबे, म्हणजे कॅश, जीपीएसने शोधायचा खेळ) प्रीमियम, म्हणजे पैसे भरून मिळणारं सभासदत्व, घेतलंय आणि हातात शनिवारचे तीन-चार तास. नकाशा उघडला की ठिपकेच ठिपके, म्हणून जास्त फेव्हरिट, म्हणजे शोधून गेलेल्यांनी दिलेले पसंतीचे पॉइंट, असलेल्या कॅश निवडायला सुरुवात केली. पण तीनशेच्या वर फेव्हरिट असलेली एक कॅश शोधायला गेलो तर किनाऱ्यावरच्या रेलिंगला चिकटलेली नखाएवढी नॅनो निघाली आणि मुलगी हिरमुसली. तर या आकड्यावर विसंबावं की नाही? आणि दिवाळीत पुण्याला जाणार आहोत, तिथे काय करावं?

मी याच भागात बरीच वर्षं कॅशिंग करते, त्यातली बरीचशी मुलाला बरोबर घेऊन. माझं उत्तर असं, की फेव्हरिटचा उपयोग होतो, पण परगावी जास्त आणि घराजवळ कमी. सात वर्षांचं मूल सोबत असेल तर नुसत्या आकड्यावर अजिबात जाऊ नका. त्या आकड्यामागे इतरांची आवड असते. तुम्ही निवडताय मुलीसाठी, आणि तिची आवड मत देणाऱ्यांत कुठेच धरलेली नाही.

आधी हे पॉइंट येतात कुठून ते बघू, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. ही सोय डिसेंबर २०१० मध्ये आली. प्रीमियम सभासदाला दर दहा वेगळ्या कॅश सापडल्यावर एक पॉइंट मिळतो. तो त्याने स्वतः शोधलेल्या कोणत्याही कॅशला द्यायचा, स्वतःच्या कॅशला देता येत नाही, आणि मन बदललं तर काढून दुसरीकडे देता येतो. फुकटातले सभासद आकडा बघू शकतात, मत देऊ शकत नाहीत. शिवाय यात एक ते पाच तारे नाहीत, नापसंतीचं बटण नाही. दिला किंवा नाही दिला, एवढंच. त्यामुळे ‘ठीक होती’ आणि ‘भिकार होती’ हे दोन्ही अनुभव आकड्यात सारखेच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. दहात एकच पॉइंट असल्यामुळे माणूस हात राखून देतो, ही मात्र या पद्धतीची चांगली बाजू. पाच तारे उधळायला काही लागत नाही. इथे एकीला दिला की दुसरीला देता येत नाही.

आता तुमच्या रेलिंगवरच्या नॅनोकडे येऊ. ती पर्यटकांच्या वाटेवर आहे. जगभरातून येणारा कॅशर शहरात दोन दिवस असतो, समुद्रकिनारी जातोच, आणि समोर जी कॅश असते ती शोधतो. त्यातल्या दर आठ-दहा जणांतल्या एकाने ‘सिएटलची आठवण’ म्हणून पॉइंट दिला तरी आकडा तीनशेवर जातो. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात सदा गर्दी असते, म्हणून तिथली मिसळ गावात सगळ्यात चांगली ठरत नाही. हा तसलाच प्रकार. म्हणून नुसता आकडा बघू नका, टक्का बघा. वेबसाइटवर कॅशच्या पानावर फेव्हरिटच्या आकड्यावर क्लिक केलं की ती शोधणाऱ्या प्रीमियम सभासदांपैकी किती टक्क्यांनी पॉइंट दिला ते दिसतं. प्रत्येकाने मिळालेले सगळे पॉइंट वाटले असते तरी सरासरी दहाच्या आसपास राहिली असती, आणि पुष्कळ जण वाटतच नाहीत. त्यामुळे दहा टक्के म्हणजे वाईट नाही, पंचवीसच्या पुढे बहुधा काहीतरी खरोखर केलेलं असतं, आणि पन्नासच्या पुढे गेली तर मी वाट वाकडी करून जाते. हे माझे ठोकताळे आहेत, नियम नव्हे. जुन्या कॅशच्या बाबतीत थोडी सूट द्या, कारण २०१० च्या आधी शोधून गेलेले सगळेच काही मागे वळून पॉइंट द्यायला आलेले नाहीत.

टक्क्याचीही एक गोम आहे. समजा एका कॅशला दोनच प्रीमियम सभासद गेले आणि दोघांनी पॉइंट दिला, तर टक्के झाले शंभर. दुसरीला तीस जण गेले, अठरांनी दिला, म्हणजे साठ टक्के. तिसरीला अडीच हजार गेले, तीनशेंनी दिला, बारा टक्के. पहिली सर्वांत भारी का? दोन माणसांच्या मतावर मी तरी तसं म्हणणार नाही. ते दोघे लपवणाऱ्याचे मित्रही असू शकतात. संख्याशास्त्रात यावर विल्सन स्कोअर नावाचा उपाय आहे. मतं थोडी असतील तर टक्का खाली ओढायचा, भरपूर असतील तर जवळपास तसाच ठेवायचा. प्रोजेक्ट-जीसी या साइटवर फेव्हरिटसाठी तो काढलेलाच मिळतो. वरची उदाहरणं नेहमीच्या ९५ टक्के खात्रीने मांडली तर पहिली सुमारे ३४ वर येते, दुसरी ४२ वर आणि तिसरी ११ वर. म्हणजे तीस जणांनी शोधलेली ती अठरा पॉइंटवाली कॅश, जिच्याकडे आकडा बघून तुम्ही ढुंकूनही पाहिलं नसतं, तीच या तिघींत वरचढ निघते. घरी बसून हिशेब करत बसायची गरज नाही. शोधणारे वीस-पंचवीसच्या वर असतील तर टक्क्यावर विश्वास ठेवा, त्याखाली असतील तर लॉग, म्हणजे शोधून गेलेल्यांनी पानावर लिहिलेल्या नोंदी, वाचा, एवढं पुरतं.

पण टक्का कितीही नीट काढला तरी पॉइंट कशासाठी दिला हे त्यात येत नाही, आणि माझ्या अनुभवात फसगत होते ती इथे. आपल्याच भागातली उदाहरणं घ्या. फ्रीमाँटमध्ये जिओकॅशिंगचं मुख्यालय आहे आणि तिथल्या कॅशला हजारोंनी फेव्हरिट आहेत. तिथे शोधण्यासारखं आव्हान काही नाही. लोक पॉइंट देतात ते पंढरीला पोचल्याच्या आनंदात. कॅन्ससमध्ये मिंगो नावाची कॅश आहे, मे २००० मधली, अजून चालू असलेल्यांत सर्वांत जुनी. तिला मिळणारा पॉइंट तिच्या वयाचा आहे. यात गैर काही नाही, पण सात वर्षांच्या मुलीला इतिहासाचं काय?

तिसरं उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण तुम्ही आज ना उद्या आकडा बघून तिकडे निघालच. स्नोक्वालमी खिंडीजवळ ‘मिशन ९: टनेल ऑफ लाइट’ नावाची कॅश आहे. २००१ मध्ये एका हॉलिवूडपटाच्या प्रचारासाठी जगात मोजक्या कॅश लपवल्या होत्या, त्यांतल्या आता बोटावर मोजण्याइतक्याच उरल्यात. हिचा डबा २०११ मध्ये गायब झाला आणि २०१६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. नकाशावर तिचं चिन्हच वेगळं आहे, आणि ते चिन्ह आपल्या खात्यात यावं म्हणून लोक विमानाने येतात. फेव्हरिट अर्थातच भरपूर. आता तिथे प्रत्यक्ष काय आहे? हायॅकला गाडी लावायची (डिस्कव्हर पास, म्हणजे राज्याचा पार्किंगचा परवाना, लागतो) आणि जुन्या रेल्वेच्या बोगद्यात शिरायचं. बोगदा जवळजवळ पावणेचार किलोमीटर लांब, आत मिट्ट काळोख, ऐन उन्हाळ्यातही स्वेटर हवा असा गारठा, छतातून पाणी ठिबकतंय. पलीकडचं तोंड आधी टाचणीच्या टोकाएवढं दिसतं आणि कितीतरी वेळ तेवढंच राहतं. कॅश पलीकडच्या तोंडाजवळ, आणि आला तसंच परत जायचं, म्हणजे एकूण साडेसात किलोमीटरच्या वर. माझ्या मुलाला हे प्रचंड आवडलं, पण तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि प्रत्येकाकडे आपापली बॅटरी होती. त्याच्याबरोबरीचाच एक मित्र पहिल्या दहा मिनिटांत रडकुंडीला आला. शिवाय हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, बोगदा बंद असतो. फेव्हरिटचा आकडा मात्र जानेवारीतही तसाच झळकत असतो.

कोड्याच्या कॅशचंही असंच. तिथे आधी घरी बसून कोडं सोडवायचं, मग खरा अक्षांश-रेखांश मिळतो. पॉइंट बहुतेक वेळा कोड्याला असतो. जागेवर गेलं तर झुडपात प्लास्टिकची डबी. त्यात ज्यांना कोडं सुटलंच नाही ते शोधणाऱ्यांच्या यादीत येतच नाहीत, त्यामुळे टक्का आपोआप चढा राहतो. झाडावर चढायच्या किंवा दोर लावून उतरायच्या कॅशनाही हेच लागू. तिथपर्यंत जातात ते त्या प्रकाराचे वेडेच, मग सत्तर टक्के पडले तर नवल काय. हे प्रकार वाईट आहेत असं नाही. मला स्वतःला कोडी आवडतात. फक्त कोड्याच्या साठ टक्क्यांची तुलना साध्या डब्याच्या साठ टक्क्यांशी करू नका.

आणखी एक भानगड. दिलेला पॉइंट शिळा होत नाही. पाच वर्षांपूर्वी कोणी सुंदर लाकडी खोका केला असेल, चार कप्पे, चुंबकाने उघडणारं झाकण. लोकांनी धडाधड पॉइंट दिले. मग आपला इकडचा पाऊस. लाकूड फुगलं, झाकण अडकलं, कोणीतरी जोर लावून ते तोडलं, लपवणारा दुसऱ्या राज्यात गेला. आज तिथे झिपलॉकच्या पिशवीत ओला लगदा झालेली डब्यातली लॉगची वही आहे, आणि पानावर आकडा तोच. यांत्रिक करामतीच्या कॅश सर्वांत जास्त आवडल्या जातात आणि सर्वांत आधी मोडतात. म्हणून फेव्हरिट बघितल्यावर शेवटचे आठ-दहा लॉग वाचायचेच. कधी सापडली होती, मध्ये कोणाला सापडली नाही असं झालंय का, ‘लॉग ओला आहे’, ‘एक भाग गायब दिसतो’ असं कोणी लिहिलंय का, आणि त्यावर ओनरने, म्हणजे लपवणाऱ्याने, काही केलंय का. एका कॅशला दोन मिनिटं लागत नाहीत.

लॉग वाचताना लांबी बघायची मला सवय आहे. सगळे जण ‘टीएफटीसी’ (थँक्स फॉर द कॅश) एवढं खरडून गेले असतील तर फेव्हरिट कितीही असोत, मी सावध होते. उलट एरवी दोन शब्दांवर भागवणारी माणसं एखाद्या ठिकाणी पाच-सहा ओळी लिहायला लागली, ‘मुलांनी तिथून हलायलाच नकार दिला’ असलं काही सांगायला लागली, तर तिथे काहीतरी आहे. कोणी पॉइंट दिला त्यांची यादीही पानावरून उघडता येते. तुम्हाला आवडलेल्या दोन-तीन कॅशच्या याद्यांत एकच नाव पुन्हा पुन्हा दिसलं, तर त्या माणसाची आवड तुमच्यासारखी आहे असं धरा, आणि त्याच्या प्रोफाइलवरून त्याच्या इतर आवडत्या कॅश बघा. शंभर अनोळखी मतांपेक्षा असं एक मत जास्त कामाचं.

मतांचं वजनही सारखं नसतं बरं का. नेवाडाच्या वाळवंटात ईटी हायवेवर हजाराहून जास्त डब्या रस्त्याच्या कडेने ओळीने ठेवल्यात, दोन डब्यांतलं किमान १६१ मीटरचं नियमातलं अंतर राखून. गाडीतून उतरायचं, डबीतल्या लॉगवर शिक्का मारायचा, पुढे. दोन दिवसांत असं हजार करून आलेल्याच्या खात्यात शंभर पॉइंट जमा होतात, आणि ते त्या डब्यांना देण्यात काही अर्थ नसतो; मग तो पुढे वर्षभर सढळ हाताने वाटत सुटतो. याउलट एखादी महिन्यातून दोन-तीनच कॅश शोधते आणि वर्षाला तीन पॉइंट जपून देते. आकड्यात दोघांचं मत एकेकच.

मग मी फेव्हरिट वापरते कधी? नवीन शहरात, वेळ थोडा असताना. तिथे फिल्टरमध्ये किमान दहा फेव्हरिट टाकते, त्यामुळे सुपरमार्केटच्या पार्किंगमधल्या दिव्याच्या खांबाच्या बुडाचं पत्र्याचं झाकण उचललं की खाली फिल्मची डबी, असला भरणा गळून पडतो. उरलेल्यांचा टक्का बघते, मग लॉग. तीन-चार नक्की करते, त्यातली निदान एक मनासारखी निघतेच. गाळायला हा आकडा फार चांगला आहे; त्यातून एक निवडायला तितकासा नाही.

घराजवळ मात्र मी फिल्टर काढून टाकते आणि लपवणाऱ्याच्या नावाने जाते. चांगली कॅश करणारा माणूस सहसा एकच करून थांबत नाही. तुमच्या मुलीला एखादी आवडली की तिच्या ओनरच्या बाकीच्या कॅश उघडा. त्यातल्या नव्या कॅशना अजून दोन-तीनच पॉइंट असतील, कारण तिथे फारसं कोणी गेलेलंच नाही. दहाच्या फिल्टरमध्ये त्या कधी दिसल्याच नसत्या. फिल्टरने निवडणाऱ्यांमुळे पुढे असलेल्या आणखी पुढे जातात आणि जंगलातल्या पायवाटेवरचा चांगला डबा वर्षभर कोणाची तरी वाट बघत बसतो. शून्य फेव्हरिट म्हणजे वाईट, असा अर्थ कृपा करून काढू नका.

तुमच्यासाठी नेमकं सांगायचं तर फेव्हरिटच्या आधी तीन गोष्टी लावा. आकार स्मॉल किंवा रेग्युलर. मायक्रो काढूनच टाका, कारण त्यात मुलांना अदलाबदलीसाठी छोटी खेळणी वगैरे काही मावत नाही. डिफिकल्टी (शोधणं किती अवघड) आणि टेरेन (वाट किती अवघड) दोन्ही दोनपर्यंत. आणि लहान मुलांसाठी योग्य असल्याचं चिन्ह. एवढं झाल्यावर जे उरेल ते फेव्हरिटनुसार लावा, आणि मग तो आकडा खरंच बोलायला लागतो. सार्वजनिक वाचनालयांतल्या कॅश शोधून ठेवा. बऱ्याचदा तिथे पुस्तकांच्या क्रमांकांवरून माग काढत जायचं असतं, आत कोरडं आणि उबदार असतं, आणि नोव्हेंबरात त्याची किंमत कळते. मुख्यालयालाही एकदा जरूर न्या, फक्त भेटीच्या वेळा आधी बघून घ्या. आणि तुमचे स्वतःचे पॉइंट देताना मुलीला विचारा, कारणही एका ओळीत लॉगमध्ये लिहा: ‘सात वर्षांच्या मुलीला झाकण उघडायला वीस मिनिटं लागली, भयंकर खूश.’ पुढच्या आईबापाला त्या एका ओळीचा जेवढा उपयोग होईल तेवढा आकड्याचा होणार नाही.

पुण्याचं गणित निराळं आहे. तिथे कॅश विरळ आहेत आणि शोधणारे त्याहून विरळ. त्यांतले बरेचसे कामासाठी चार दिवस आलेले परदेशी. प्रीमियम मतंच थोडी असल्यामुळे फेव्हरिटचा आकडा आणि टक्का दोन्ही बाजूला ठेवा. बघायची ती शेवटी सापडल्याची तारीख, आणि ती पावसाळ्यानंतरची असली तर उत्तम. वर्षभर कोणी गेलेलं नसेल तर डबा असेलच असं धरून मुलीला आशेला लावू नका. नकाशावर अर्थकॅश किंवा व्हर्च्युअल दिसली तर ती आधी घ्या. त्यात डबाच नसतो, त्यामुळे चोरीला जाणं नाही की भिजणं नाही. जागा नीट बघायची आणि लपवणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याला पाठवायची. आणि सोसायटीच्या कुंपणाशी वाकून काही शोधायचं असलं तर आधी वॉचमनकाकांना मोबाइलवरचा नकाशा दाखवून काय चाललंय ते सांगा. मुलगी बरोबर असेल तर तेच उठून शोधायला मदत करतील.